विश्लेषण : जपानचा पासपोर्ट सोडून भारताची जर्सी... पुणे गाजवणाऱ्या अराता इझुमीची चर्चा आज पुन्हा का?

बेंगळूरु एफसीचा आघाडीपटू रायन विल्यम्स याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय पासपोर्ट घेतला आणि पुण्यातल्या जुन्या फुटबॉलप्रेमींना लगेच एक नाव आठवले. अराता इझुमी. बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीकडून खेळताना या जपानी खेळाडूने विल्यम्सच्या सुमारे तेरा वर्षे आधी हाच निर्णय घेतला होता. जपानचा पासपोर्ट सोडून त्याला काय मिळाले? भारतीय वंशाच्या खेळाडूंसाठी ही वाट इतकी अवघड का आहे? आणि नियम बदलला तर भारतीय फुटबॉल सुधारेल का?

अराता इझुमी कोण?

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजी जपानमधील शिमोनोसेकी येथे झाला. आई जपानी, वडील मूळचे गुजराती. त्याचे भारतीय नाव नीलकंठ खांभोलजा. आघाडीपटूच्या मागे राहून आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि संधी मिळताच स्वतः गोल करणारा, असा त्याचा खेळ. गरज पडली तर तो थेट आघाडीलाही खेळायचा.

जपानमध्ये तो खालच्या श्रेणीतील मित्सुबिशी मिझुशिमा या संघाकडून खेळला. तेथून तो सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निगाताकडे गेला. २००६ मध्ये ईस्ट बंगालने त्याला कोलकात्यात आणले आणि वडिलांच्या देशाशी त्याचे व्यावसायिक नाते सुरू झाले. पुढे तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आला आणि २००९ मध्ये पुणे एफसीत दाखल झाला.

पुण्यात काय घडले?

अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसीची स्थापना केली. दुसऱ्या श्रेणीतून वर येत क्लब २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये पोहोचला आणि अराता त्याच हंगामात संघात आला. गोवा आणि कोलकात्याच्या क्लबांचे वर्चस्व असलेल्या स्पर्धेत पुण्याने पहिल्याच वर्षी तिसरे स्थान मिळवले. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली संघ उपविजेता ठरला. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स विजेता होता. त्या हंगामात पुण्याच्या आघाडीला दक्षिण सुदानचा आंतरराष्ट्रीय खेळाडू जेम्स मोगाही होता. या कामगिरीमुळे २०१४ मध्ये पुणे एफसीला आशियाई पातळीवरील एएफसी कप खेळायला मिळाला.

अराताची कारकीर्द खऱ्या अर्थाने बहरली ती याच पाच वर्षांत. भारताकडून खेळायची इच्छा असलेला हा खेळाडू क्लब फुटबॉलमध्ये मात्र विदेशीच मोजला जात होता. आय-लीगमध्ये विदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा होती आणि त्यातली एक जागा त्याच्यासाठी खर्ची पडत होती.

पासपोर्ट सोडण्याचा निर्णय किती मोठा होता?

भारतीय राज्यघटनेचे कलम ९ आणि नागरिकत्व कायदा, १९५५ यांनुसार भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. जपानचा कायदाही तितकाच कडक आहे. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की जपानचे नागरिकत्व जाते. त्यामुळे दोन्ही देश सांभाळण्याचा पर्याय अरातासमोर नव्हताच.

जपानचा पासपोर्ट हा प्रवासासाठी जगातील सर्वात सोयीच्या पासपोर्टांपैकी एक मानला जातो. भारतीय पासपोर्टवर जपानला जायला मात्र व्हिसा लागतो. म्हणजे भारताची जर्सी घातल्यावर अराताला आपल्या जन्मगावी जायचे, तर परदेशी नागरिक म्हणून जावे लागणार होते. जपानच्या क्लबमध्ये परतायचे ठरवले, तरी तिथे तो विदेशी खेळाडू ठरणार होता.

तरीही त्याने निर्णय घेतला आणि २०१३ मध्ये विम कोव्हरमन्स प्रशिक्षक असताना तो भारताच्या राष्ट्रीय संघात आला. परदेशात जन्मून, तिथले नागरिकत्व सोडून भारताकडून खेळलेला आधुनिक काळातील पहिला फुटबॉलपटू म्हणून त्याची नोंद झाली. तेव्हा तो तिशीत पोहोचला होता.

मग मिळाले काय?

राष्ट्रीय संघाकडून त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. तिशी ओलांडलेल्या आक्रमक खेळाडूच्या वेगाला उतार लागतो, दुखापती भरून यायला वेळ लागतो आणि प्रशिक्षक पुढच्या चार वर्षांचा विचार करून तरुण खेळाडू निवडतो. भारतात पाऊल ठेवल्यापासून राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचायला अराताला सुमारे सात वर्षे लागली. एवढ्या काळात अनेक आघाडीपटूंचा ऐन भराचा काळ संपून जातो.

क्लब फुटबॉलमध्ये मात्र भारतीय पासपोर्टचा थेट फायदा झाला. इंडियन सुपर लीगने (आयएसएल) २०१५ मध्ये दहा निवडक भारतीय खेळाडूंचा लिलाव केला. त्यात सुनील छेत्री, युजेनसन लिंगडोह यांच्यासोबत अराताचेही नाव होते. अॅटलेटिको डी कोलकाताने त्याला ६८ लाख रुपयांना घेतले. २०१६ मध्ये तो पुन्हा पुण्यात, एफसी पुणे सिटीकडून खेळला. पुढे केरळ ब्लास्टर्समध्येही गेला. त्यानंतर तो प्रशिक्षणाकडे वळला आणि रिलायन्स फाउंडेशनच्या युवा अकादमीत मुलांना घडवू लागला. भारतीय म्हणून खेळण्याचा काळ छोटा ठरला, पण तो इथेच राहिला.

नियम नेमका काय सांगतो?

इथे दोन वेगळे नियम आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच होतो.

पहिला नियम फिफाचा. त्यांच्या लेखी खेळाडूकडे त्या देशाचे नागरिकत्व हवे. नव्याने नागरिकत्व घेतले असेल, तर तो स्वतः, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी त्या देशात जन्मलेले हवे किंवा त्याने तिथे ठरावीक वर्षे वास्तव्य केलेले हवे. ज्या देशांत दुहेरी नागरिकत्व चालते, तिथे हा टप्पा सोपा असतो. जुना पासपोर्ट खिशात ठेवून नवा मिळतो. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म परदेशात झाला होता. अँगोलासारख्या देशाच्या फुटबॉलचेही पोर्तुगालशी असेच जवळचे नाते आहे.

दुसरा नियम भारत सरकारचा. २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट केले की, केवळ भारतीय पासपोर्टधारकच राष्ट्रीय संघातून खेळू शकतील. त्याआधी काही खेळांत सवलत होती. उदाहरणार्थ, अमेरिकी पासपोर्ट असलेला टेनिसपटू प्रकाश अमृतराज डेव्हिस कपमध्ये भारताकडून खेळला होता. नव्या धोरणाने तो दरवाजा बंद झाला. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्ड असले, तरी उपयोग होत नाही. त्या कार्डाने भारतात राहता येते, काम करता येते. पण ते पूर्ण नागरिकत्व नाही. त्यावर मतदान करता येत नाही आणि देशाची जर्सीही घालता येत नाही.

भारतीय नागरिकत्व मिळवायचे कसे?

सध्याच्या कायद्यात भारतीय वंशाच्या व्यक्तीसाठी नोंदणीचे काही मार्ग आहेत. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कोणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर अर्ज करता येतो. पाच वर्षे ओसीआय कार्ड असलेल्यांनाही अर्जाआधी बारा महिने इथे राहिल्यावर ती मुभा आहे.

कागदावर हे सोपे वाटते. पण युरोपात खेळणारा २३ वर्षांचा आघाडीपटू एक वर्ष भारतात राहायला येणार म्हणजे तिथला करार, तिथला पगार आणि तिथली संघातली जागा सोडणार. म्हणून हा मार्ग प्रामुख्याने आधीच भारतात खेळत असलेल्यांसाठी उरतो आणि ते बहुधा कारकिर्दीच्या उत्तरार्धात येतात.

न्यूकॅसलमध्ये जन्मलेला मायकेल चोप्रा हे त्याचे उदाहरण. न्यूकॅसल, कार्डिफ, संडरलँड अशा क्लबांकडून खेळलेल्या या आघाडीपटूने भारताकडून खेळण्याची इच्छा व्यक्त केली होती. ब्रिटिश पासपोर्टचा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही. तो भारतात आला, पण केरळ ब्लास्टर्सचा विदेशी खेळाडू म्हणून.

पासपोर्टची अडचण उलट्या दिशेनेही येते का?

हो. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार जवळपास झाला होता. पण फिफा क्रमवारीत भारत पहिल्या ७० देशांत नसल्याने त्याला ब्रिटनमध्ये काम करण्याचा परवाना मिळाला नाही. पुढे तो अमेरिकेत कॅन्सस सिटी विझार्ड्स आणि पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगच्या ‘ब’ संघाकडून खेळला. देशाचा संघ कमकुवत म्हणून खेळाडूला बाहेर संधी नाही आणि खेळाडू बाहेर घडत नाहीत म्हणून संघ कमकुवत, असे हे चक्र आहे.

गोव्यात तर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. अनेक गोमंतकीय कुटुंबांनी युरोपातील नोकरीसाठी तो मार्ग घेतला आहे. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते. म्हणजे मडगावच्या मैदानावर लहानाचा मोठा झालेला मुलगाही भारताच्या संघासाठी अपात्र ठरू शकतो.

रायन विल्यम्सच्या बाबतीत काय वेगळे झाले?

विल्यम्सचा जन्म पर्थचा. त्याच्या आईचे कुटुंब मूळचे मुंबईचे. आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईकडून खेळले होते. इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ, बार्न्सली अशा क्लबांकडून खेळून तो २०२३ मध्ये बेंगळूरुला आला. ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये तो केवळ एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, त्यामुळे देश बदलण्याचा मार्ग खुला राहिला.

भारतात आल्यापासून दोन-अडीच वर्षांत पासपोर्ट हाती आला. अराताच्या तुलनेत हा मोठा बदल आहे. पण पासपोर्टनंतरही कागद संपले नाहीत. आवश्यक मंजुरी वेळेत न आल्याने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशविरुद्ध तो खेळू शकला नाही. भारत तो सामना ०-१ असा हरला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाल्याने २०२७ च्या आशियाई चषकाचे दारही बंद झाले होते. पासपोर्ट मिळाला तेव्हा विल्यम्सचे वय ३२ होते.

नियम सैल केला तर प्रश्न सुटेल का?

पूर्णपणे नाही. बाहेरून तयार खेळाडू मिळू लागले, तर क्लब आणि महासंघ देशातील अकादम्यांवर खर्च का करतील, हा आक्षेप रास्त आहे. देशाकडून खेळायचे तर त्या देशाचे पूर्ण नागरिक व्हा, ही भूमिकाही समजण्यासारखी आहे.

पुण्याचाच अनुभव पाहा. २०१४-१५ च्या हंगामात या शहराचे दोन संघ आय-लीगमध्ये होते, पुणे एफसी आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी. शिवाय आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी. त्या हंगामानंतर आय-लीगमधले दोन्ही संघ दिसेनासे झाले. लोणी काळभोरला अकादमी चालवणारा डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून बाहेर पडला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची आयएसएलमधील जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुणे एफसीच्या अकादमीतून पुढे आलेला केरळचा आशिक कुरुनियन स्पेनमध्ये व्हिलारियलच्या ‘क’ संघापर्यंत गेला होता. त्याच्यासारखी मुले जिथून घडायची, ती व्यवस्थाच शहरातून निघून गेली. ही पोकळी कोणताही पासपोर्ट भरून काढू शकत नाही.

पुढे काय होऊ शकते?

भारतीय वंशाच्या विदेशी खेळाडूंशी संपर्क साधत असल्याचे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२५ मध्ये सांगितले होते. दुहेरी नागरिकत्वासाठी कायदा बदलणे हा मोठा राजकीय निर्णय आहे आणि तो फुटबॉलसाठी होण्याची शक्यता कमी. पण त्याला हात न लावताही एक गोष्ट करता येते, ती म्हणजे वेळ वाचवणे. जो खेळाडू इथेच राहतो, इथल्या लीगमध्ये खेळतो आणि जुना पासपोर्ट सोडायला तयार आहे, त्याचा अर्ज, फिफाची मंजुरी आणि जुन्या महासंघाचे ना-हरकत पत्र ही कामे एकापाठोपाठ एक न करता एकाच वेळी हाती घेता येतील.

अराताने जे सोडले ते तिशीत सोडले. तोच निर्णय पंचविशीत घेता आला असता, तर बालेवाडीवर पाच वर्षे दिसलेला खेळ भारताच्या जर्सीतही तितकाच काळ दिसला असता. रायन विल्यम्सनंतर जो कोणी हा अर्ज भरेल, त्याचे वय काय असेल, यावरून व्यवस्था काय शिकली ते कळेल.