बाळोत्यांची पूर्वतयारी

घरांत लवकरच पाळणा हलणार असें निश्चित झालें, कीं डोहाळजेवण, बारसें आणि बाळाचें नांव यांची चर्चा सुरू होते. झबलीं, टोपडीं, कुंच्या यांचें कौतुक होतें. परंतु जी वस्तु बाळाच्या अंगास दिवसांतून बारा-पंधरा वेळां लागावयाची, त्या बाळोत्यांचा विचार मात्र पुष्कळ घरांत बाळंतीण घरीं आल्यावर, आणि तोही पहिला ढीग मोरीपाशीं सांचल्यावर होतो. हा विषय लिहिण्याबोलण्याचा नव्हे, अशी समजूत असल्यामुळें असें होत असावें. आम्हांस ती समजूत योग्य वाटत नाहीं. बाळाचें आरोग्य आणि त्याच्या आईची विश्रांति या दोहोंशीं या साध्या फडक्याचा फार निकटचा संबंध आहे. म्हणून त्याची तयारी सातव्या-आठव्या महिन्यांतच व्हावी, असें आम्ही सुचवितों.

बाळाच्या जन्मापूर्वीं त्याच्यासाठीं नवें कांहीं आणूं नये, असा संकेत कित्येक घरांत पाळतात. त्या संकेताचा येथें कांहींच अडथळा नाहीं. बाळोत्यास नवें कापड मुळींच लागत नाहीं. उलट तें जितकें जुनें व वापरून विरलेलें, तितकें चांगलें. नव्या सुती कापडास खळ असते, त्यामुळें तें पाणी झटकन् शोषून घेत नाहीं. विकतचीं नवीं बाळोतीं आणलींच, तर तीं तीन-चार वेळां गरम पाण्यांत धुतल्यावरच उपयोगी पडतात. घरांतील जुन्या लुगड्याचें वा धोतराचें सूत ही सारी तपश्चर्या आधींच करून बसलेलें असतें.

हिशेबही सोपा आहे. सव्वा वार पन्ह्याच्या नऊवारी सुती लुगड्याचे दोन्ही काठ उतरून त्याचे पाऊण वार लांबीचे तुकडे पाडले, तर एका लुगड्यांत १२ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पाऊण वार चौरस करून घेतल्यावर कडेला सुमारें दीड वीत रुंदीची पट्टी उरते. तिची घडी बाळोत्याच्या आंत घालावयास कामास येते. काठ मात्र ठेवूं नयेत. ते कडक असतात आणि जांघेंत रुततात. कडा दुमडून शिवाव्या, निदान सुटलेले धागे तरी कापून टाकावे. असा एखादा धागा बाळाच्या बोटाभोंवतीं गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह अडवूं शकतो, आणि बाळ कां रडतें हें कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

नवजात बाळास दिवसारात्रीं मिळून १२ ते १५ बाळोतीं लागतात असें धरावें. एका दिवसाचीं वापरांत, एका दिवसाचीं धुण्यांत आणि एका दिवसाचीं दोरीवर. म्हणजे एकंदर ३६ ते ४५. तीन-चार लुगड्यांत हें भागतें. मात्र बाळंतपण आषाढ-श्रावणांत येणार असेल, तर दोरीवरचा एक दिवस सहज दोन-तीन दिवसांचा होतो. अशा वेळीं हा आंकडा ६० पर्यंत न्यावा. कोंकणांतील आमच्या वाचकभगिनींस हें सांगावयास नकोच.

येथें एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहानें सांगूं इच्छितों. जुनीं लुगडीं आणि थोरल्या भावंडांचीं दुपटीं बहुधा ट्रंकेंत असतात, आणि ट्रंकेंत कसर लागूं नये म्हणून डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. या पांढऱ्या गोळ्या बहुतेक नॅफ्थॅलीनच्या असतात. कांहीं मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत जी-६-पी-डी नांवाचें एन्झाइम जन्मतःच कमी असतें. अशा अर्भकाच्या शरीरांत हें द्रव्य श्वासावाटें किंवा त्वचेवाटें गेलें, तर त्या रक्तपेशी भराभर फुटूं लागतात. बाळ फिकें पडतें, कावीळ वाढते, आणि तिचा परिणाम मेंदूवर झाला तर मूल दगावतें किंवा जन्माचें अपंग होतें. १९५१ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत अशा एका नवजात बाळाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचीं बाळोतीं डांबरगोळ्यांत ठेवलेलीं होतीं. १९६३ सालीं ग्रीसमधील डॉक्टरांनीं अशाच अनेक अर्भकांचा वृत्तांत दिला. हें एन्झाइम उणें असण्याचा प्रकार आपल्या देशांतही आढळतो, आणि बहुतेक घरांत तो आधीं कोणास ठाऊक नसतो. शिवाय आपल्याकडे बाळास तेल चोळून न्हाऊं घालण्याची रीत आहे, आणि तेल लावलेल्या त्वचेवाटें नॅफ्थॅलीन अधिक सहज आंत शिरतें.

ज्या दुपट्यांत घरचीं सारीं मुलें वाढलीं, तें दुपटें अपाय कसा करील, असें आजी विचारतील. त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. दोष दुपट्याचा नसून त्याच्या शेजारीं पडलेल्या गोळीचा आहे. म्हणून ज्या कापडास त्या गोळ्यांचा वास येतो, तें बाळासाठीं न वापरणें हाच निर्धास्त मार्ग होय. बाळोत्यांसाठीं रोजच्या वापरांतलें, दांडीवरचें लुगडें निवडावें. धुतलेलीं बाळोतीं स्वच्छ डब्यांत ठेवावीं आणि त्यांत डांबरगोळी किंवा कापूर यांपैकीं कांहींही घालूं नये. बाळाची खोली आणि पांघरुणाचें कपाट यांसही हाच नियम लावावा.

कापडांत जें राहून जातें तें बाळाच्या अंगापर्यंत पोंचतें, हें धुण्याच्या बाबतींतही खरें आहे. इंग्लंडांत १८८६ सालीं बाळोत्यांवर मारलेल्या शिक्क्यांच्या शाईमुळें नवजात अर्भकें निळीं पडल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयांत आहे. यास्तव रंग सुटणारें कापड बाळोत्यास घेऊं नये. धुतांना मळ आधीं शौचकूपांत टाकावा व बाळोतें थंड पाण्याच्या धारेखालीं धरावें. आरंभींच कढत पाणी ओतलें तर डाग पक्का बसतो. मग साध्या साबणानें आणि गरम पाण्यानें धुवावें. यंत्र असल्यास ६० अंशांवर धुतलें तरी चालेल. शेवटीं फेसाचा मागमूस राहणार नाहीं इतकें खळबळावें. कापड मऊ व सुवासिक करणारीं द्रव्यें वापरूं नयेत. त्यांच्या थरामुळें कापडाची शोषून घेण्याची शक्ति कमी होते. जंतुनाशक औषधाचें पाणीही नको. तें नीट निघालें नाहीं तर कोंवळ्या त्वचेची आग होते. कडक ऊन मिळालें तर त्यासारखें दुसरें औषध नाहीं. पावसाळ्यांत शेवटचा ओलसरपणा गरम इस्तरीनें घालवावा. भिजवण्याची बादली झांकणाची असावी आणि रांगत्या मुलांच्या वाटेंत असूं नये. "तान्ह्याच्या शीची कसली घाण?" असें म्हणण्याचा प्रघात आहे, पण रोगजंतु वयाचा विचार करीत नाहींत. प्रत्येक वेळीं हात साबणानें धुतलेच पाहिजेत.

बांधतांना बाळोतें बेंबीच्या खालीं असावें, म्हणजे नाळेचा उरलेला देंठ कोरडा राहून वेळेवर गळून पडतो. टांचणी न लावतां सैल गांठ द्यावी किंवा बंद शिवावे. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फांकलेले राहूं द्यावे. पाय सरळ ताणून दुपट्यांत घट्ट आवळल्यास खुब्याचा सांधा निखळण्याचें भय असतें. जपानांत १९७५ पासून असें आवळणें टाळण्याविषयीं लोकांस समजावून सांगण्यांत आलें, आणि तेथील अर्भकांतील खुब्याचे दोष पुष्कळच घटले. आपल्याकडे मुलास कडेवर घेण्याची पद्धत आहे, ती या दृष्टीनें हितकरच म्हणावी लागेल. अंगावर पुरळ दिसल्यास पावडर न उधळतां बाळास कांहीं वेळ उघडें ठेवावें. पावडरीचे कण श्वासाबरोबर छातींत जातात.

आतां बाळोत्याच्या एका गुणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पांढरें फडकें हें बाळाच्या प्रकृतीचें रोजचें टिपण आहे. पहिल्या एकदोन दिवसांत शी काळपट, चिकट असते. चौथ्या-पांचव्या दिवसापर्यंत ती पिंवळी झाली पाहिजे. पांचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा बाळोतीं लघवीनें चांगलीं ओलीं होत असतील, तर आईचें दूध पुरत आहे असें समजावें. पहिल्या दोनतीन दिवसांत विटेच्या रंगाचा डाग दिसला तर घाबरूं नये. पण तो पुढेंही दिसत राहिला तर दूध कमी पडत असल्याचा संशय घ्यावा. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असते. ती गर्द पिंवळी असून कापडावर डाग पाडूं लागली, किंवा शी पांढुरकी, शाडूच्या मातीसारखी दिसूं लागली, तर एक दिवसही न दवडतां डॉक्टरांकडे जावें. यकृतांतील पित्ताचा मार्ग बंद असल्याची ती खूण असूं शकते. त्यावर शस्त्रक्रिया आहे. परंतु ती पहिल्या दोन महिन्यांच्या आंत झाली तरच यशाचा संभव अधिक असतो. बाळ दूध पितें, हंसतें, म्हणून "कावीळ काय, उन्हांत धरलें कीं उतरेल" असें म्हणत दिवस घालविल्यास ती संधि हातची जाते.

ही खूण प्रथम कोणास दिसते? जी व्यक्ति बाळोतें धुते तिला. आणि येथेंच आमच्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा येतो. पूर्वीं सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनांमुळें हें काम बहुधा घरांत जिचा शब्द सर्वांत कमी चाले तिच्या वाट्यास येई. आज तें मोलकरणीवर किंवा खुद्द बाळंतिणीवर पडतें. दिवसास १२ ते १५ या हिशेबानें सव्वा महिन्यांत सुमारें ५०० ते ६०० बाळोतीं धुवावीं, पिळावीं, वाळत घालावीं आणि घड्या कराव्या लागतात. घरांत दहा माणसें असतां हें सारें एकीच्या माथीं मारणें आणि वर तिला विश्रांतीचा उपदेश करणें, हें एकत्र कुटुंबास शोभत नाहीं.

याचमुळें कित्येक तरुण माता विकतच्या डायपरकडे वळतात. १९६१ सालीं अमेरिकेंत पॅम्पर्स हा वापरून टाकावयाचा डायपर विक्रीस आला, आणि पुढें ही सोय जगभर पसरली. प्रवासांत, आजारपणांत किंवा रात्रीच्या झोंपेसाठीं तो वापरला तर आम्ही दोष देणार नाहीं. कापड हें केवळ कापड म्हणून श्रेष्ठ, असेंही आम्ही म्हणत नाहीं. ब्रिटनमधील एन्व्हायर्न्मेंट एजन्सीनें २००८ सालीं दोहोंचा हिशेब मांडला. अडीच वर्षांत टाकाऊ डायपरांमुळें हवेंत जाणारा कार्बन सुमारें ५५० किलो, तर धुऊन वापरण्याच्या कापडामुळें सुमारें ५७० किलो भरला. मात्र यंत्र पुरतें भरून धुतलें, दोरीवर वाळविलें आणि तींच बाळोतीं दुसऱ्या मुलासही वापरलीं, तर कापडाच्या बाजूस सुमारें २०० किलोंची बचत होते, असेंही त्यांत दिसून आलें. कापडाचें श्रेय त्याच्या मागील व्यवस्थेंत आहे, असा याचा अर्थ. टाकलेला डायपरही आपोआप नाहींसा होत नाहीं. कचरा निवडणाऱ्या बायांच्या हातीं तो लागतो. म्हणूनच पुण्यांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनें तो कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, अशी विनंति नागरिकांस केली. बाळाचा मळ कोणाच्या तरी हातास लागावयाचाच. तो कोणाच्या, एवढेंच घरानें ठरवावयाचें असतें.

तें बाळंतपणापूर्वींच ठरवावें, अशी आमची सूचना आहे. एके संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसून लुगडीं फाडावीं आणि त्याच वेळीं कामाचीही वांटणी करावी. रात्रींचीं बाळोतीं विसळून ठेवणें हें बाळाच्या वडिलांकडे असावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. दोरीवर घालणें दिरा-नणंदांकडे, घड्या आजी-आजोबांकडे. मोलकरीण हें काम करीत असेल, तर तिला त्याचा वेगळा मोबदला द्यावा, साबण व गरम पाणी हाताशीं द्यावें, आणि वर सांगितलेल्या रंगांच्या खुणा समजावून सांगाव्या. बाळंतिणीकडे दूध पाजणें आणि विश्रांति घेणें एवढेंच राहूं द्यावें. ज्या घरांत ही व्यवस्था होऊं शकत नसेल, त्या घरानें खुशाल विकतचे डायपर आणावे. पण ज्या घरांत ती होईल, तेथें बाळ येण्यापूर्वींच त्याची चिंता वाहणारे दहा हात सज्ज असतील.