‘पिकअप’ : एक अर्थविचार
घाटरस्त्यावरील दुचाकी आणि मितव्ययी सुधारणा

बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगराचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, दुचाकीशी असलेला संबंध केवळ वापरणाऱ्याचा राहिलेला नाही. गाडी घडविणारे, दुरुस्त करणारे आणि चालविणारे असे तिन्ही वर्ग ह्या एकाच नगरात नांदतात, आणि त्यांच्या व्यवहारातून मराठी, दखनी व इंग्रजी ह्या तीन भाषांच्या मिश्रणाने एक स्वतंत्र व्यवसायबोली सिद्ध झाली आहे. ह्या बोलीतील काही शब्दांचे अर्थ नीट वेगळे न केल्यामुळे सामान्य वाहनधारकाचा पैसा अनाठायी कसा खर्च होतो, आणि ते वेगळे केल्यास थोडक्या खर्चात चढणीवरील गाडीची कार्यक्षमता कशी वाढविता येते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय प्रथमदर्शनी यंत्रशास्त्राचा वाटेल. परंतु यंत्राविषयी निर्णय घेणारा मनुष्य तो निर्णय शब्दांतूनच घेतो, म्हणून तो भाषाभ्यासकाचाही आहे.

कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाटाने जाणारा, अथवा खुलताबादची चढण नित्य चढणारा वाहनधारक मिस्त्रीकडे जातो तेव्हा त्याची तक्रार बहुधा एकाच शब्दात सामावलेली असते : ‘पिकअप नाही.’ हा शब्द मूळ इंग्रजीत अनेकार्थी. मराठीत मात्र त्याचा अर्थ संकुचितही झाला आहे आणि विस्तृतही. संकुचित अशासाठी, की तो वाहनाच्या जोरापुरताच उरला; विस्तृत अशासाठी, की त्या जोराचे सर्व प्रकार त्याने आपल्या पोटात घेतले. ‘ॲव्हरेज’ ह्या शब्दाचा ‘सरासरी’ हा अर्थ मागे पडून ‘एका लिटरात कापले जाणारे अंतर’ एवढाच उरला, त्याच जातीचे हे उदाहरण होय. तथापि ‘ॲव्हरेज’च्या अर्थसंकोचाने कोणाचे नुकसान होत नाही, ‘पिकअप’च्या संदिग्धतेने होते.

नवल असे, की जुन्या मराठी क्रियापदांत हा गोंधळ नाही. गाडी ‘ओढत नाही’, ‘पळत नाही’ आणि ‘उचलत नाही’ ही तीन वाक्ये तीन निराळे दोष दाखवितात. ओढणे म्हणजे चाकाशी उपलब्ध होणारे बल. ते इंजिनाचा पीळ, ज्याला यंत्रशाळेत टॉर्क म्हणतात, आणि दातांचे गुणोत्तर ह्यांवर अवलंबून असते. पळणे म्हणजे शक्ती, अर्थात ठराविक काळात होणारे कार्य. उचलणे म्हणजे त्वरण, वेग किती लवकर वाढतो ते; आणि त्यात वाहनाच्या वस्तुमानाचा वाटा इंजिनाइतकाच मोठा असतो. ‘पिकअप’ म्हणून तक्रार करणाऱ्यास ह्यांपैकी नेमके काय हवे आहे हे ठरल्यावाचून उपाय ठरू शकत नाही.

चढणीला प्रत्यक्षात किती शक्ती लागते ते पाहू. गाडी १५० किलोग्रॅम, दोन माणसे १५० किलोग्रॅम, असे एकूण ३०० किलोग्रॅम वजन धरावे. बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारी चढण आणि ताशी ४० किलोमीटर वेग घेतला, तर केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे पावणेतीन किलोवॅट शक्ती लागते. वाऱ्याचा व टायरांचा विरोध तीत मिळविला तरी १५० घनसेंटिमीटरच्या इंजिनास, जे दहा किलोवॅटच्या आसपास शक्ती देते, ही मागणी जड नाही. मग गाडी अडते का? कारण दहा किलोवॅट ही शक्ती इंजिन बऱ्याच वेगाने फिरत असतानाच मिळते. वरच्या गिअरमध्ये, मंद फिरणाऱ्या इंजिनाकडून ती मागितली तर मिळत नाही. अर्थात घाटातील उणीव बहुतेक वेळा शक्तीची नसून असलेली शक्ती चाकापर्यंत योग्य प्रकारे न पोहोचण्याची असते. हा भेद ध्यानात आला की खर्चाचा क्रम आपोआप बदलतो.

पहिला क्रम गेलेले परत मिळविण्याचा. हवेचा फिल्टर धुळीने कोंदलेला, प्लग झिजलेला, टॅपेट बिघडलेले, साखळी कोरडी, ब्रेक चाकास घासणारा, टायरात हवा कमी, क्लचप्लेट सरकणारी : ह्यांपैकी दोनतीन दोष एकत्र आले म्हणजे गाडी थकल्यासारखी भासते, आणि मालक नव्या भागांचा विचार करू लागतो. उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यांवरून नित्य धावणाऱ्या गाडीचा फिल्टर तर विशेष लक्ष मागतो. ह्या कामास ‘सुधारणा’ असे नाव कोणी देत नाही. वस्तुतः एका रुपयामागे सर्वांत अधिक फळ तेच देते.

दुसरा क्रम वजनाचा. वरील उदाहरणात ३० किलोग्रॅम ओझे उतरविले, तर चढणीस लागणारे बल थेट दहा टक्क्यांनी घटते. ह्यास काहीही खर्च नाही. येथे भाषेची एक खोड आड येते. सुधारणेची आपली सारी क्रियापदे भर घालणारी आहेत : ‘बसविणे’, ‘लावणे’, ‘वाढविणे’. लोखंडी गार्ड, जड पेट्या, जादा दिवे हे सर्व ‘बसविले’ जाते आणि गाडी सुधारली असे वाटते. ‘काढणे’ ह्या क्रियापदास सुधारणेचा अर्थ अद्याप चिकटलेला नाही.

तिसरा क्रम दातांच्या गुणोत्तराचा. समजा, पुढच्या स्पॉकेटास १५ व मागच्यास ४३ दात आहेत, गुणोत्तर २.८७ होते. पुढचे १४ दातांचे घातल्यास ते ३.०७ होते, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी मिळणारे बल सुमारे सात टक्के वाढते. मागचे स्पॉकेट ४६ दातांचे केल्यानेही जवळजवळ हाच परिणाम साधतो. परंतु पुढचे चाक लहान व स्वस्त असल्याने एक दात कमी करणे हा गरिबाचा मार्ग ठरतो. त्याची किंमतही सांगितली पाहिजे. सपाट रस्त्यावर त्याच वेगासाठी इंजिन सात टक्के अधिक फिरते, ॲव्हरेज उतरते, आणि लहान दातचक्रावर साखळी अधिक वाकत असल्याने ती लवकर झिजते. शक्ती येथे कणभरही वाढलेली नाही. ‘पळणे’ थोडे विकून ‘ओढणे’ विकत घेतले आहे, इतकेच. ज्याचा प्रवास मुख्यतः घाटाचा त्यास हा सौदा फायद्याचा. रोज महामार्गावरून पुण्यास जाणाऱ्यास तो तोट्याचा.

हाच न्याय आपल्यापासून फार दूरच्या एका वाहनासही लागू पडतो. जोझेफ-आर्मां बोंबार्दिये ह्यांची ‘स्की-डू’ १९५९ साली कॅनडात बाजारात आली. तिच्या वंशातील हिमवाहने आज गुलमर्ग येथेही पर्यटकांस पाहावयास मिळतात. उंच पर्वतावर ती चालविणारे जाणते लोक प्रथम इंजिनास हात लावीत नाहीत. विरळ हवेत इंजिन योग्य वेगाने फिरत राहावे म्हणून क्लचमधील वजने हलकी करतात. आपल्या गिअररहित स्कूटरच्या व्हेरिएटरमधील रोलर त्याच तत्त्वावर चालतात; ते थोडे हलके घातले की चढणीवर इंजिन शक्तीच्या टप्प्यात राहते.

हवेच्या विरळपणाचा मुद्दा मात्र आपल्याकडे अकारण पुढे केला जातो. हजार मीटर उंचीमागे हवेची घनता ढोबळमानाने दहा टक्के घटते. आपल्या घाटांत उंचीचा फरक काही शे मीटरांचाच असल्याने हा तोटा नगण्य होय. लडाखातील ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग खिंडीत मात्र घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ५८ टक्के उरते आणि इंजिनाची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तेथे इंधन प्रमाणाबाहेर जाते, म्हणून लहान जेट घालणे इष्ट. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांतील इंधन-अंतःक्षेपण हे प्रमाण बव्हंशी स्वतःच सांभाळते. पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. लडाखला जाण्याची उमेद धरणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच इंजिनापेक्षा ओझ्याचा व गुणोत्तराचा विचार आधी करावा.

राहिला प्रश्न लोकप्रिय उपायांचा, म्हणजे सायलेन्सर बदलणे व बोअर वाढविणे ह्यांचा. ‘सायलेन्सर’ ह्या शब्दाचा अर्थच आवाज शमविणारा. पण तो आवाज वाढविण्यासाठी विकत घेतला जातो, हा अर्थविपर्यासाचा मासला होय. आवाज मोठा झाला की जोर वाढल्याचा भास होतो. चढण कानाने चढली जात नाही. बोअर वाढविल्याने शक्ती खरोखर वाढते. परंतु संथ चढणीवर, जेथे वारा कमी व उष्णता अधिक, तेथे हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर तो भार पडतो, आणि क्लचही जुन्याच शक्तीच्या मापाचा असतो. शिवाय इंजिनाचे आकारमान नोंदणीपत्रात नमूद असते, आणि मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निषिद्ध केला आहे. अपघात झाल्यास विम्याचा प्रश्नही येथेच अडतो.

शेवटी, चढलेला घाट उतरावाही लागतो. ‘पिकअप’ला जसा रुळलेला शब्द आहे, तसा उतरणीवरील थांबण्याच्या गुणास नाही; आणि ज्यास शब्द नाही त्यासाठी पैसाही सहसा काढला जात नाही. ३०० किलोग्रॅम वजन २०० मीटर खाली येते तेव्हा सुमारे ५८९ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडावी लागते. २० अंशांचे पावणेदोन लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी ती असते. वाऱ्याने व टायरांनी घेतलेला भाग वजा जाता ती ब्रेकने वा इंजिनाने शोषावयाची. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरणे, ब्रेकचे शू व पॅड वेळीच बदलणे आणि चांगले टायर घालणे, हे खर्चाच्या यादीत इंजिनाच्या कामाआधी यावयास हवे. अंदाजपत्रक तोकडे असेल तर जोराचा एखादा भाग राहिला तरी चालेल. थांबण्याचा राहिलेला चालणार नाही.

सारांश, प्रथम दुरुस्ती, मग वजन, मग गुणोत्तर, त्याबरोबरच ब्रेक व टायर, आणि सर्वांती, तेही कायद्याच्या मर्यादेत, इंजिन, असा हा क्रम आहे. तो पाळण्यास यंत्रशास्त्राचे फार ज्ञान लागत नाही. मिस्त्रीपुढे उभे राहताना ‘पिकअप नाही’ असे न म्हणता, गाडी ओढत नाही, पळत नाही की उचलत नाही, एवढे नेमके सांगता आले तरी पुष्कळ साधेल. परिभाषा घडविणाऱ्यांनीही नवे शब्द जोडण्यापूर्वी बोलीत आधीच असलेली ही क्रियापदे तपासून पाहावीत.