तेलाचा डबा आणि वजनाचा काटा

वजन उतरविण्याचा उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. ज्याला त्याला एक रामबाण ठाऊक असतो. आणि गंमत अशी, की रामबाण घेऊन येणाऱ्याचे पोट पुष्कळदा त्याच्या आधी उंबरठा ओलांडून आत येते! कोणी पहाटे कोमट पाण्यात लिंबू नि मध घ्यायला सांगतो, कोणी दुधी भोपळ्याचा रस प्यायला लावतो, तर कोणी रात्रीचे जेवणच सोडा म्हणतो. मी डॉक्टर नाही की आहारतज्ज्ञ नाही. तीस वर्षे चार माणसांचा स्वयंपाक करणारी एक गृहिणी आहे. साडेतीन वर्षांपूर्वी माझे वजन ७४ किलो होते, आज ते ६६ आहे, आणि गेली अडीच वर्षे ते तिथेच टिकून आहे. आठ किलो म्हणजे काही फार मोठा पराक्रम नव्हे. 'आधी' आणि 'नंतर' अशी जी छायाचित्रे जाहिरातींत छापतात, त्यांत माझी दोन्ही छायाचित्रे 'आधी'च्याच रकान्यात जमा होतील. पण उतरलेले टिकले, एवढ्या एका गोष्टीच्या बळावर चार अनुभव सांगण्याचे धाडस करीत आहे.

मी या खटाटोपात पडले ती सडपातळ दिसावे म्हणून नव्हे. माझ्या आईला पंचेचाळिशीतच मधुमेह जडला. शेवटची सहा वर्षे तिला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. रोगाने डोळ्यांच्या पडद्यावरच घाला घातला होता. मला पन्नासावे लागले तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ६.२ आला. ५.७ च्या पुढे धोक्याची घंटा आणि ६.५ ला मधुमेह, असा तो हिशेब. म्हणजे आई ज्या दारातून आत गेली, त्याच दारात मी उभी होते.

"किती उतरवू?" मी विचारले. वीस किलोंचे फर्मान निघेल अशीच मनाची तयारी केली होती. बाई म्हणाल्या, "पाच किलो उतरवा, आणि ते परत येऊ देऊ नका."

या पाच किलोंना आधार आहे. साखर अशी उंबरठ्यावर आलेल्या ३,२३४ माणसांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एका गटाला वजनाचे सात टक्के उतरविण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. नुसती गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनीच घटले. चौऱ्याहत्तराचे सात टक्के म्हणजे पाच किलोंहून किंचित अधिक. वीस किलो ऐकून माणूस घरी येऊन आधी चहाबरोबर दोन बिस्किटे खातो. पाच किलो म्हटल्यावर निदान वही-पेन्सिल तरी घेऊन बसतो.

आता कोणी म्हणेल, मी तर हडकुळा, माझा याच्याशी काय संबंध? त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट ऐकावी. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापून आले. उंची आणि वजन यांचे जे गुणोत्तर काढतात, ते दोघांचेही नेमके २२.३. परंतु अंगातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली हिंदी माणसांची चरबी वजनकाट्याला चकवून पोटात दडून बसते. म्हणून शिंप्याची टेप काट्याइतकीच महत्त्वाची. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी, असे सांगतात. माझी ९४ होती. आज ८६ आहे; तेव्हा सुटले असे म्हणायला अजून जागा नाही.

मग प्रश्न आला, कोणत्या पंथाची दीक्षा घ्यायची? महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत दोन पंथ जोरात आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकाने सांगितले, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. आमच्या इमारतीत तळमजला पहिल्या पंथाचा, दुसरा मजला दुसऱ्या पंथाचा. आणि जिन्यात गाठ पडली की शास्त्रार्थ! माझ्या पाहण्यात दोन्हीकडे उतरलेली माणसे आहेत आणि दोन्हीकडे पुन्हा चढलेलीही आहेत. २०१८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांचे दोन गट करून असाच एक वाद तडीस लावून पाहिला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिठूळ-गोड पदार्थ. वर्षाअखेर पहिल्यांचे सरासरी ५.३ किलो उतरले, दुसऱ्यांचे ६. म्हणजे फरक नसल्यातच जमा. उलट एकाच गटात कोणाचे वीस-पंचवीस किलो गेले, तर कोणाचे वाढले. हे वाचल्यावर मी पंथाचा विचार सोडला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. घरातली चार माणसे जे खातात तेच मला जन्मभर खायचे आहे. माझ्यासाठी वेगळे पातेले चढविले, तर ते फार तर संक्रांतीपर्यंत चढेल.

पहिला हात घातला तो तेलाच्या डब्याला. आम्हां चौघांना महिन्याला पाच लिटरचा एक डबा लागे. पाच लिटर म्हणजे सुमारे ४,६०० ग्रॅम. त्याला तीस दिवसांनी आणि चार माणसांनी भागले, की माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमचे नऊ उष्मांक धरले तर जवळजवळ साडेतीनशे! एवढे आम्ही रोज 'दिसत नाही' म्हणून खात होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या आहाराला २७ ग्रॅम तेल सांगितले आहे. त्यावरून उलटा हिशेब मांडला, तर महिन्याला साडेतीन लिटर होतात. मग दर रविवारी सकाळी आठशे मिलिलिटर तेल मोजून ओट्यावरच्या भांड्यात काढायचे आणि डबा वर माळ्यावर ठेवायचा, असे ठरविले. पुढचा रविवार येईपर्यंत त्यात भागवायचे. बुधवारी भजी झाली, तर शुक्रवारची आमटी आपोआप शहाणी होते! भाजी करपेल, आमटीला तवंग दिसणार नाही, पाहुणे काय म्हणतील, ही सगळी भीती फोल ठरली. फोडणीत तेल निम्मे घालून झाकणावर पाणी ठेवले, की भाजी आपल्या वाफेवर शिजते. हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते, कारण त्यांच्याकडे तेल जपून वापरण्याजोगे महाग होते.

दुसरा बदल ताटाचा. आपल्या ताटात डावी बाजू चवीची आणि उजवी पोटभरीची. कोशिंबीर बिचारी चटणी-लोणच्याच्या पंक्तीला चमचाभर बसते. मी तिला डावीकडून उचलून उजवीकडे आणले आणि वाटीभर केले. शेजारी घट्ट उसळीची किंवा वरणाची मोठी वाटी. पोळ्या तीनाच्या दोन, आणि भात मुदीचा. लग्नाच्या पंगतीत भाताची मूद पाडतात ना, ती लहान वाटी, तेच माप. पातेल्यातून डावाने भात वाढला, की किती वाढला हे ना वाढणाऱ्याला कळत, ना जेवणाऱ्याला.

सासूबाईंना हे पटेना. "अगं, एवढीशी वाटी? चिमणीला घालतेस का?"

"आई, तुमच्याच रुखवतातली आहे ही, मुदीची."

"रुखवतातली वाटी मांडायची असते गं, जेवायची नसते!"

आग्रहाचे हे प्रकरण मोठे नाजूक. आपल्याकडे 'नको' याचा अर्थ 'अजून एकदा विचारा' असा असतो. आहाराची पुस्तके लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसावे. मी एक युक्ती केली. 'नको' म्हणायचे सोडून दिले. आग्रह झाला की म्हणायचे, "कोशिंबीर आणखी वाढा." वाढणाऱ्याचा हात रिकामा परत जात नाही आणि मानही राहतो.

याहून अवघड गोष्ट उरल्यासुरल्याची. घरोघरी सगळ्यांचे जेवण आटोपले, की अर्धी पोळी, दोन डाव आमटी, चमचाभर श्रीखंड असे काहीतरी उरते; आणि अन्न टाकू नये म्हणून घरातली बाई ते उभ्या उभ्या संपवते. अन्न टाकू नये हा संस्कार सोन्यासारखा आहे. फक्त टाकायचे नाही म्हणून पोटात टाकायचे, हे त्यातून कोठे निघते? आमच्याकडे आता आधी उरलेले झाकून फ्रिजमध्ये जाते आणि मग मी ताट घेते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोळ्यांचा फोडणीचा कुस्करा होतो, आणि तो चौघांत वाटला जातो.

उपासाचे काय विचारता! एकादशी नि दुप्पट खाशी, ही म्हण कोणा अनुभवी माणसानेच केली असणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर दाण्याचे कूट आणि तूप. बशीभर खिचडी चार-पाचशे उष्मांकांची सहज होते आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागते. सासूबाईंचा उपास मोडण्याची माझी छाती नव्हती. पण उपासाला भगर, ताक आणि उकडलेले रताळे चालते, हे त्यांनीच मला सांगितले. खिचडी आता आषाढीला आणि महाशिवरात्रीला होते, त्यामुळे तिची चवही वाढली आहे.

दिवसात घात करणारी वेळ एकच, ती पाचची. दुपारचे जेवण जिरलेले असते, रात्रीचे लांब असते आणि फरसाणाचा डबा हाताशी असतो. तो डबा घरातून हलविणे हा एकच इलाज. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि पेलाभर ताक, हे मी घड्याळ लावून घेते. भूक लागण्याआधी.

चालण्याविषयी थोडक्यात सांगते. माझ्या वजनाचे माणूस चार किलोमीटर चालले, तर सुमारे दोनशे उष्मांक खर्च होतात. कोपऱ्यावरचा एक बटाटेवडा ते भरून काढतो. चालून वजन उतरते ही समजूत म्हणून तितकीशी खरी नाही. पण उतरलेले टिकविण्याचे काम चालणेच करते. मोठे वजन उतरवून निदान वर्षभर टिकविणाऱ्यांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली. तिच्यात नाव असलेली माणसे पथ्ये नाना प्रकारची करतात. पण बहुतेक सगळी रोज तासभर हातपाय हलवितात आणि नियमाने वजन करतात, एवढे मात्र समान निघाले.

वजनाचे मी कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी. रोज सकाळी, चहापूर्वी. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर जातो. ते मिठाने धरून ठेवलेले पाणी असते, रडायचे कारण नाही. रोजच्या आकड्याकडे पाहायचे आणि विसरायचे. महिन्याची सरासरी तेवढी काढायची. पहिल्या चार महिन्यांत माझे पाच किलो गेले. पुढचे तीन जायला आठ महिने लागले.

असे का होते, याचा उलगडा २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने फार छान केला आहे. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस उष्मांकांनी घटतो, पण भूक मात्र सुमारे शंभर उष्मांकांनी वाढते. पाच किलो गेले, की अंगात जणू एक पाहुणा राहायला येतो, आणि तो रोज पाचशे उष्मांकांचे जेवण मागतो! १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे जवळजवळ अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन चौथ्या हिश्श्याने घटले. पण त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना, काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. तेव्हा कोणी पुन्हा लठ्ठ झाला, की 'मनाचा कच्चा' म्हणून त्याला हिणविणारे लोक मला आवडत नाहीत. त्या पाहुण्याशी भांडून भागत नाही. त्याला कोशिंबीर, उसळ आणि ताक यांवर राखावे लागते.

याच भुकेवर चालणारी इंजेक्शने आता निघाली आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरले. २०२५ पासून वजनासाठी म्हणून ती आपल्याकडेही मिळू लागली. ज्यांचे वजन फार आहे, गुडघे किंवा हृदय थकले आहे, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घ्यावीत. त्यात कमीपणा कसला? मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आले, असेही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसले. म्हणजे तिथेही टिकविण्याचा प्रश्न आहेच.

माझा साखरेचा आकडा गेल्या तीन तपासण्यांत ५.८, ५.७ आणि पुन्हा ५.८ असा आहे. डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी बोलावतात. यांनी तर न सांगता चार किलो उतरविले, कारण त्यांनाही तेच ताट मिळते. आणि कंबरपट्ट्याला नवे भोक पाडून घेतल्याचे श्रेय ते सकाळच्या सूर्यनमस्कारांना देतात. देऊ देत.

दिवाळीचे तेवढे विचाराल म्हणून सांगते. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत मी काटा पलंगाखाली ढकलते. चकली तळते, बेसनाचा लाडू वळते आणि खातेही. त्या आठवड्यात तेलाचे माप नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काटा बाहेर येतो. दर वर्षी तो सुमारे दीड किलो जास्त दाखवितो. उरलेला फराळ त्याच दिवशी डब्यांत भरून शेजारी, धुणेभांडी करणाऱ्या मावशींकडे आणि यांच्या कार्यालयात रवाना होतो. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यातला एक किलो जातो, आणि राहिलेला अर्धा चंपाषष्ठीच्या वांग्याच्या भरिताबरोबर.