खेळाडू खुर्चीत बसतो तेव्हा : फुटबॉल क्लबचा कारभार आणि माजी खेळाडू



खेळाडूंची माहिती सांगताना लेकरं एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, खेळणं बंद झाल्यावर ते काय करतात?" आपण सांगतो की कोणी प्रशिक्षक होतो, कोणी टीव्हीवर बोलतो, कोणी नोकरी करतो. आणखी एक उत्तर आहे, ते सहसा आपल्या तोंडी येत नाही. काही जण क्लब चालवतात. म्हणजे हिशोब बघतात, मैदान मिळवतात, करार करतात, पगार देतात. या लेखात त्याबद्दल लिहितो. देगलूरसारख्या तालुक्यात फुटबॉल कमीच, आपल्याकडे कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट. तरी हा विषय आपल्या लेकरांच्या कामाचा का आहे ते पुढे येईल.

आधी एक फरक लक्षात घेऊ. संघ म्हणजे मैदानावरचे ११ जण. क्लब म्हणजे त्यांच्या मागे उभी असलेली संस्था. आपल्याकडे तिला क्रीडा मंडळ म्हणतात. संघ ९० मिनिटं खेळतो, क्लबला वर्षभर जगावं लागतं. चेंडू, जाळी, प्रवासभाडं, मुलांचा नाश्ता, डॉक्टर, मैदानाची परवानगी आणि वर्षाअखेरचं ऑडिट, हे सगळं क्लबच्या अंगावर असतं. टाळ्या मात्र संघाला मिळतात.

आता जर्मनीतलं एक उदाहरण बघू, कारण माजी खेळाडूने क्लब कसा चालवला हे याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसतं. उली होनेस हा उल्म गावच्या खाटकाचा मुलगा. बायर्न म्युनिककडून खेळला, १९७४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या पश्चिम जर्मनी संघात होता. १९७६ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याची पेनल्टी गोलखांबाच्या वरून गेली आणि जर्मनी हरली. लोक अजून त्याला ती आठवण करून देतात. पुढे गुडघा दुखावला आणि खेळ लवकर संपला. १९७९ मध्ये, वयाच्या फक्त २७ व्या वर्षी, तो बायर्नचा व्यवस्थापक झाला. आपल्याकडे त्या वयात डीएड झालेला उमेदवार शिक्षक भरतीची वाट बघत बसलेला असतो.

त्या वेळी क्लबवर कर्ज होतं आणि कमाई मुख्यतः तिकिटांवर चालायची. पाऊस पडला की प्रेक्षक कमी, प्रेक्षक कमी की पैसा कमी. होनेसने विचार केला तो साधाच. क्लबचं पोट एकट्या तिकिटावर भरू नये. जाहिरातदार, टीव्हीचे हक्क, क्लबचं चिन्ह असलेले शर्ट आणि वस्तू यांतून त्याने पैसा उभा केला. १९८४ मध्ये संघाचा सर्वात मोठा खेळाडू कार्ल-हाइन्त्स रुमेनिगे याला इटलीच्या इंटर मिलान क्लबला विकलं आणि त्या पैशातून कर्जाचा भार उतरवला. लोकांना ते आवडलं नसणार. पण पगार वेळेवर द्यायचा तर असे निर्णय कोणीतरी घ्यावे लागतात. होनेस ३० वर्षं त्या पदावर राहिला, नंतर अध्यक्ष झाला. गंमत म्हणजे ज्या रुमेनिगेला विकलं, तोच २००२ पासून क्लबचा मुख्य कार्यकारी होता.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पूर्ण होणार नाही. २०१४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने याच होनेसला करचुकवेगिरीबद्दल साडेतीन वर्षांची शिक्षा सुनावली. ती चोरी त्याच्या वैयक्तिक व्यवहारातली होती, क्लबच्या पैशातली नव्हती. तरी त्याला अध्यक्षपद सोडावं लागलं. २०१६ मध्ये सभासदांनी त्याला पुन्हा निवडून दिलं, हेही खरं. म्हणून माजी खेळाडू म्हणजे आपोआप स्वच्छ माणूस, असं समजण्याचं कारण नाही. आणि मोठा खेळाडू म्हणजे आपोआप चांगला कारभारी, असंही नाही. जगप्रसिद्ध गोलरक्षक ऑलिव्हर कान याला बायर्नने २०२१ मध्ये मुख्य कार्यकारी केलं आणि २०२३ मध्ये संघाने लीग जिंकली त्याच दिवशी पदावरून काढलं. त्याउलट नेदरलँड्सचा गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार बघा. २०११ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं, अयाक्स क्लबमध्ये आधी विपणनाचं काम केलं आणि मग २०१६ मध्ये मुख्य कार्यकारी झाला. मला हा क्रम जास्त पटतो. आपण शिक्षकसुद्धा डीएड न करता वर्गावर उभे राहत नाही, मग कारभाराला शिक्षण नको का?

आता आपल्या देशात येऊ. बायचुंग भुतिया हे नाव मुलांना माहीत असतं. सिक्कीमच्या या कप्तानाने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला. त्याच सुमारास युनायटेड सिक्कीम हा क्लब त्याने उभा केला. २०१२ मध्ये क्लबने दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून वरच्या आय-लीगमध्ये प्रवेश मिळवला. डोंगरातल्या छोट्या राज्याचा क्लब देशाच्या पहिल्या श्रेणीत! पण पैशाची चणचण सुरू झाली आणि एकाच हंगामात संघ खाली आला. भुतियाचं नाव होतं, लोकांचं प्रेम होतं, पण होनेसकडे होतं तसं उत्पन्नाचं साधन नव्हतं.

आपल्या महाराष्ट्रात याची दुसरी बाजू दिसते. मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा १९६२ पासूनचा क्लब. त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. पैशाची कमतरता नव्हती. पण २०१० मध्ये कंपनीने क्लब बंद करायचं ठरवलं आणि तो बंद झाला. कोल्हापुरात मात्र पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार यांचे संघ पेठेच्या आणि तालमीच्या जिवावर उभे आहेत. शाहू स्टेडियमवर खेळून झालेली माणसंच पुढे आपल्या तालमीच्या संघाचं बघतात. तिथे कंपनीएवढा पैसा नसेल, पण एका सहीने तालीम बंद पडत नाही. गोव्यात ब्रह्मानंद शंखवाळकर हे भारताचे माजी कप्तान आणि गोलरक्षक गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्ष होते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

क्लबच्या वर जिल्हा संघटना, तिच्या वर राज्य संघटना आणि सगळ्यांच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. तिथलं २०२२ चं प्रकरण प्रत्येक पालकाने समजून घ्यावं असं आहे. महासंघाच्या अध्यक्षांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली होती, पण निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभारासाठी समिती नेमली. जागतिक संघटना फिफाने याला बाहेरचा हस्तक्षेप मानलं आणि ऑगस्टच्या मध्यावर भारताला निलंबित केलं.

शिक्षा कोणाला झाली? गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावं लागलं. निवडणूक न घेणाऱ्यांत त्यांच्यापैकी एकही नव्हती. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात होणार होता आणि त्यातले सामने नवी मुंबईत आणि मडगावात होते. तोही जाण्याच्या बेतात होता. न्यायालयाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं, तेव्हा तो वाचला.

मग २ सप्टेंबर २०२२ ला निवडणूक झाली. अध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार माजी खेळाडू होते. एका बाजूला भुतिया, दुसऱ्या बाजूला मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक कल्याण चौबे. चौबे भाजपचे उमेदवार म्हणून लोकसभा आणि विधानसभा लढलेले होते. निकाल लागला ३३ विरुद्ध १. चौबे जिंकले. १९३७ साली स्थापन झालेल्या महासंघाला पहिल्यांदाच माजी खेळाडू अध्यक्ष मिळाला, आणि देशाचा सर्वात लोकप्रिय फुटबॉलपटू एका मतावर थांबला.

मुलांना हे कोडं वाटतं. उत्तर सोपं आहे. मत प्रेक्षकांचं नसतं, राज्य संघटनांचं असतं. समितीने घटनेच्या मसुद्यात खेळाडूंनाही मताधिकार सुचवला होता, पण फिफाचा आक्षेप आल्यावर या निवडणुकीत तो राहिला नाही. क्रिकेटमध्येही आपण हेच पाहिलंय. २००१ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या निवडणुकीत शरद पवारांनी अजित वाडेकरांना हरवलं. २०११ मध्ये आपल्या लातूरच्या विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना हरवलं. तिथे मतदार असतात क्लब, जिमखाने आणि कार्यालयांचे संघ. ज्या माणसाने त्या क्लबांच्या अडचणी सोडवल्या असतील किंवा सोडवील असं वाटतं, त्याला मत जातं. राजकारणी माणूस नकोच, असं मी म्हणणार नाही. जागा, परवानग्या, निधी ही कामं त्याला जमतात. पवारांच्या काळातच वानखेडे स्टेडियम २०११ च्या विश्वचषकासाठी नव्याने उभं राहिलं. वाईट एवढंच वाटतं की खेळाडू शतकं मोजत राहतो आणि मतदार यादी दुसरा कोणीतरी पाठ करतो.

खेळाडू अध्यक्ष आल्यावर भारतीय फुटबॉलची घडी बसली का? २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार संपत आला, नवा ठरला नाही आणि आयएसएलचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. खेळाडूंच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. हा दोष एका माणसाचा नाही. पण अध्यक्ष एकेकाळी गोलपोस्टमध्ये उभा होता, एवढ्याने करार होत नाहीत, हेही दिसलं.

आता आपल्या तालुक्याकडे येतो. आपल्याकडे राज्य पातळीवर खेळलेला कबड्डीपटू गावोगाव असतो. स्पर्धेच्या उद्घाटनाला त्याला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. मंडळाचं रजिस्टर मात्र त्याच्या हातात देत नाहीत, आणि बऱ्याचदा तोही मागत नाही. हिशोब, ठराव, धर्मादाय कार्यालय म्हटलं की तो म्हणतो, "गुरुजी, ते आपलं काम नाही." कार्यकारिणी बदलली तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, नाहीतर कागदावर जुनीच मंडळी राहतात आणि मग वाद झाला की दोन्ही गट आपणच खरे म्हणतात.

याचा फटका दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांना बसतो. ते गुण मिळायचे तर स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा कार्यालयाकडून पडताळणी होते. लेकरू उन्हात धावलेलं असतं, पण संघटनेची मान्यताच वादात असेल तर हातातला कागद कामाचा राहत नाही. गोकुलमच्या मुलींचं जे झालं ते लहान प्रमाणात इथेही होऊ शकतं. पालकांनी मंडळात नाव घालताना बूट, ड्रेस, फी विचारावी, पण त्यासोबत नोंदणी क्रमांक, जिल्हा संघटनेची संलग्नता आणि शेवटचं ऑडिट कधी झालं हेही विचारावं. विचारण्यात संकोच कशाला?

वर्गात घेण्यासारखा एक उपक्रम सुचवतो. पाचवी ते सातवीच्या मुलांना आंतरवर्गीय सामने पूर्णपणे त्यांच्या हातात द्या. एक अध्यक्ष, एक सचिव, एक कोषाध्यक्ष, मतदान चिठ्ठ्यांनी. २०० रुपये आणि एक वही द्या. चेंडू कोणी आणायचा, पंच कोण, पाऊस आला तर सामना कधी, हरलेल्या वर्गाने तक्रार केली तर ती कोण ऐकणार, हे त्यांनीच ठरवायचं आणि वहीत लिहायचं. एक अट घाला. वर्गातला सर्वात चांगला खेळाडू या वेळी खेळणार नाही, तो सचिव असेल. तो पहिले दोन दिवस रुसून बसेल, बसू द्या. तिसऱ्या दिवशी दुकानदाराकडून चेंडूची पावती आणायला त्यालाच पाठवा.