मूत्राशयातील परका कर्करोग

ठाण्याजवळच्या दिव्यासारख्या ठिकाणी, जेथे सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला मिळाला तरच दिवसाचा रोजगार हाती लागतो, तेथे लघवीला जळजळ होते एवढ्या कारणासाठी घरच्या बाईने दवाखान्याची पायरी चढणे दुरापास्तच. उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचे पाणी प्यावे आणि दुखणे अंगावर काढावे, हाच रिवाज. बहुतेक वेळा ती उन्हाळीच असते, हेही खरे. परंतु लघवीवाटे रक्त गेले, मग ते एकदाच आणि वेदनेवाचून का असेना, तर ती बाब डॉक्टरांच्या कानी घातलीच पाहिजे. कारण मूत्राशयात क्वचित असाही कर्करोग सापडतो, की ज्याचा उगम तेथला नसतोच.

मूत्राशयाच्या एकूण कर्करोगांत अशा परक्या रोगाचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास भरते. जठर, स्तन, फुप्फुस यांतून तो दूरचा प्रवास करून येतो खरा, पण अधिक वेळा मोठे आतडे, प्रोस्टेट, गुदाशय किंवा गर्भाशयमुख या शेजारच्या अवयवांतील रोगच आपली हद्द ओलांडून मूत्राशयाची भिंत पोखरतो. आणि तो बाहेरून आत शिरत असल्यामुळे, आतले अस्तर शाबूत असेपर्यंत मूत्रमार्गातून घातलेल्या दुर्बिणीलाही त्याचा थांग लागत नाही.

निवाडा होतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काचेवर घेतात आणि त्यांवर निवडक प्रतिद्रव्ये सोडतात. पेशी प्रोस्टेटच्या असल्या, तर त्या ग्रंथीच्या प्रथिनाची खूण बहुधा तपकिरी रंगात उमटते. आतड्याच्या बाबतीत मात्र पंचाईत होते, कारण मूत्राशयातच उद्भवणारा एक विरळा कर्करोग हुबेहूब तसाच दिसतो. अशा वेळी पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा एखादा जीर्ण कागदही पॅथॉलॉजिस्टला मोलाचा ठरतो, म्हणून जुनी फाईल कधीही टाकू नये. उपचार ठरतात ते उगमावरून.

आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत सर्वाधिक जीव तुटतो तो गर्भाशयमुखाच्या रोगापायी. त्याने मूत्राशयाचे अस्तर भेदले, की तो चौथ्या अवस्थेत गणला जातो. कधी मूत्राशय व योनी यांमध्ये छिद्र पडून लघवी अखंड पाझरू लागते, आणि त्या माउलीचे चारचौघींत बसणेही सुटते. हे सारे टळण्याजोगे आहे, हे याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या पाहणीत, हा रोग घडविणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने वाढलेल्या अवस्थेतील रोग आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा रुग्णालयाने साध्या आरोग्यसेविकांना शिकवून त्यांच्या हातून तपासण्या करविल्या, तेव्हा या रोगाचे मृत्यू शेकडा ३१ ने घटले. त्या तपासणीत गर्भाशयमुखाला पातळ केलेले ॲसेटिक आम्ल लावतात, मिनिटभर थांबतात, आणि पांढरा डाग उमटतो का ते उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहतात. तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र सरकारचे २०१६ पासूनचे धोरण आहे. तेव्हा जवळच्या सरकारी वा पालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन ‘गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या वारी असते’ हे दिव्यातील भगिनींनी निःसंकोच विचारावे, आणि घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी सोबत जावे.