तायक्वांदो : पुरुषांचे वजनी गट

- सुरुवात : पहिली जागतिक स्पर्धा १९७३, सोल. महिलांचा समावेश १९८७पासून.
- जागतिक स्पर्धेतील गट (८) : ५४, ५८, ६३, ६८, ७४, ८०, ८७ किलोपर्यंत आणि ८७ किलोवरील.
- ऑलिंपिकमधील गट (४) : ५८, ६८, ८० किलोपर्यंत आणि ८० किलोवरील. पदकांचा खेळ सिडनी २०००पासून.
- लढत : दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. एक खेळाडू निळ्या, दुसरा लाल चिलखतात.
- गुण : छातीवरील चिलखतावर ठोसा १, लाथ २, गिरकी घेऊन लाथ ४, डोक्यावर लाथ ३, गिरकीसह ५. डोक्यावर ठोसा निषिद्ध.
- पदके : सुवर्ण, रौप्य प्रत्येकी एक, कांस्य दोन.
- ६८ किलो, ऑलिंपिक सुवर्ण : उझबेकिस्तानचा उलुगबेक राशितोव्ह (टोकियो २०२०, पॅरिस २०२४).