कापशीचे ऑपरेशन

सशाची मादी महिनाभरात विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून आमच्या कापशीचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन अकोल्याला करून आणले. माणसाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, सशाला तसे ठेवत नाहीत. त्याला उलटी होतच नाही. घरी आल्यावर टाके तर पाहावेच, पण लेंड्या आधी मोजाव्या. ससा खायचा थांबला की आतडे थांबते, अन् एका दिवसात जिवावर बेतते. माय म्हणे, "निजू दे तिले." पण मी हरळी, कोथिंबीर तोंडापाशी धरून बसलो. खोक्यात लाकडाचा भुसा नको, टाक्यांना चिकटतो. जुने सुती धोतर अंथरावे. दहा दिवस उड्या बंद, नर वेगळा. वऱ्हाडाचे ऊन सशाला सोसत नाही, म्हणून खोके रांजणाजवळ सावलीत ठेवले. पहिल्या रात्री नऊ लेंड्या मिळाल्या. बारीक होत्या, पण होत्या.